दुशेंडीची बत्तीस गावं

कानिफनाथ सहादेव वांढेकर अकरा वर्षं तात्पुरता होता. भिंगारच्या बाजारामागे दोन खोल्यांत त्याचा संसार कायमचा होता, बायको लंकाबाई कायमची होती, डाव्या गुडघ्यातली कळसुद्धा कायमची झाली होती. तात्पुरती होती ती फक्त नोकरी. नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा तो शिपाई. दर जूनमध्ये संस्था त्याला नव्याने नेमायची आणि दर एप्रिलमध्ये काढून टाकायची. मे महिनाभर तो घरी बसे, आणि लंकाबाई तेवढा महिना त्याच्याशी नको असलेल्या पाहुण्याशी वागावं तशी वागे.

काम अवघड नव्हतं. उपटून आणलेलं रोप जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, त्यावर लाकडी जाळी, जाळीवर दगड. रोज सकाळी ओला कागद काढून कोरडा घालायचा. आठ-दहा दिवसांत रोपच कागदासारखं होई. मग ते जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं आणि उजव्या कोपऱ्यात छापील चिठ्ठी लावायची: नाव काय, कुठे सापडलं, कधी, कुणी गोळा केलं, कुणी ओळखलं. रोप काही वर्षांनी झडून जातं, किडे खातात. चिठ्ठी राहते. शास्त्रात किंमत कशाला आहे हे कानिफनाथला कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्या आपोआप लक्षात आलं होतं.

त्याच्या आयुष्यात दुशेंडी आली ती परीक्षेमुळे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना वाळवलेली वीस रोपं परीक्षकापुढे मांडावी लागत. बाहेरगावचा परीक्षक ती न बघताच पुढे सरकवायचा. एका वर्षी मात्र एक परीक्षक एका कागदावर थबकला. पाण्यातलं रोप, तळाशी कांद्याएवढा कंद, लांब पानं आणि दांडीच्या टोकाला पांढऱ्या फुलांच्या दोन शेंड्या. "अरे, ही दुशेंडी! ही तर दुर्मिळ आहे," असं म्हणून त्याने त्या मुलाला दोन गुण जास्त दिले. पुढच्या वर्षी वर्गातल्या प्रत्येकाकडे दुशेंडी होती.

पुरवठा कानिफनाथचा. गोऱ्या साहेबाच्या अमदानीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की दुशेंडी पारनेर तालुक्यात पिंपळदऱ्याच्या डबक्यात आहे आणि बाकी कुठेच नाही. पिंपळदरा कानिफनाथची सासुरवाडी. गणपती बसले की तो तिकडे जाई आणि ओल्या गोणपाटात वीस-बावीस दुशेंड्या गुंडाळून आणी. बदल्यात मुलं त्याला चहा-भजी देत आणि मामा म्हणत. कॉलेजात बाकी कुणी त्याला नात्याने हाक मारत नसे.

एक अडचण होती. वीस मुलांनी एकच डबकं लिहिलं असतं तर परीक्षकाच्या डोळ्यावर आलं असतं.

"मामा, कुठं सापडली लिहू?" राहात्याच्या एकाने पहिल्यांदा विचारलं.

"तुजं गाव कोन्तं?"

"राहाता."

"मंग राहाता लिही. म्होरं 'ओढ्याकाठी' लिही. वढा समद्या गावाला असतो."

ही पद्धत पडली आणि टिकली. भिंगारच्या मुलीला भिंगारचा नाला मिळाला, नागापूरच्या मुलाला 'नागापूर, ओलसर जागा'. ज्या गावाहून मूल कॉलेजात आलं त्या गावात दुशेंडी उगवली. अकरा वर्षांत ती एकतीस गावांत पोचली. पिंपळदऱ्याचं नाव कुणाच्याच कागदावर आलं नाही, कारण पिंपळदऱ्याहून अजून कुणी कॉलेजात आलं नव्हतं.

'कुणी ओळखलं' या रकान्यात विभागप्रमुख प्राध्यापक राधाकृष्ण देवचक्के यांची सही असे. समोरचा चहा निवायच्या आत ते चाळीस सह्या करत. शिवाय त्यांना काहीही टाकून देववत नसे. परीक्षा झाली की मुलांचे कागद पत्र्याच्या कपाटात जात. बहात्तर सालच्या पावसाळ्यात, म्हणजे पावसाळा म्हणून जे काही झालं त्यात, कपाटात दुशेंडीचे दोनशे चौदा कागद होते.

त्या भाद्रपदात पुण्याच्या एका सरकारी खात्याचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या दुर्मिळ वनस्पतींच्या यादीचा फेरविचार चालला होता. दुशेंडीला यादीत ठेवावं की काढावं हे पाहायला डॉक्टर सरंजामे येणार होते. जिची एवढीच एक जागा आहे अशी वनस्पती यादीत राहिली, तर ते डबकं राखायचं, तिथला गाळ उपसू द्यायचा नाही, उपटाउपटी बंद, असा काही विचार होता.

देवचक्क्यांनी कानिफनाथला बोलावलं. "संस्थेची सभा दसऱ्यानंतर आहे. तुझं कायम होण्याचं पत्र मी लिहून ठेवलंय. सही तेवढी राहिलीय. साहेबांचा दौरा नीट पार पडू दे."

"नीट म्हंजी कसा, सर?"

"म्हणजे विभागाची लाज जायला नको."

घरी येऊन त्याने लंकाबाईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. ज्वारीत यंदा खडेच जास्त होते.

"आन् डबक्याचं कळलं तर?" तो म्हणाला. "समदी गावं मीच वाटल्यात."

"कुनी विचारलं तर तोंड उगडू नका. अकरा साल न्हाई उगडलं, आता चार दिस कळ काढा. आदी कायम व्हा, मंग काय खरं बोलायचं ते बोला."

"कायम झाल्यावर कशाला बोलू?"

"मंग झालं तर," असं म्हणून तिने सूप आपटलं.

डॉक्टर सरंजामे उंच, शिडशिडीत आणि अत्यंत व्यवस्थित होते. त्यांच्याकडे चार रंगांच्या पेन्सिली होत्या. पहिला पूर्ण दिवस त्यांनी कपाटापुढे घालवला. कानिफनाथ एकेक कागद हातात देत होता, ते चिठ्ठी वाचून नकाशावर लाल ठिपका देत होते. रोपाकडे त्यांनी दोनशे चौदापैकी दहा-बारा वेळा पाहिलं असेल. संध्याकाळी नकाशावर एकतीस ठिपके झाले आणि डॉक्टर खुर्चीत मागे रेलले.

"प्रोफेसर, इकडे बघा. काय दिसतं?"

देवचक्क्यांना ठिपके दिसत होते. तेवढंच ते म्हणाले.

"रस्ते! सगळे ठिपके एस.टी.च्या मार्गांवर आहेत. जिथे गाडी जात नाही तिथे ही वनस्पतीही नाही. बियाणं चाकांच्या चिखलातून पसरतंय. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं हे."

"मलाही शंका होतीच," देवचक्के म्हणाले.

मुलं एस.टी.नेच कॉलेजात येत. कानिफनाथने मान खाली घातली आणि कागद पुन्हा गठ्ठ्यात लावायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघाली. पुढे डॉक्टर, मागे देवचक्के आणि वाट दाखवायला कानिफनाथ. चालवायला बन्सी नावाचा ड्रायव्हर. त्याला वनस्पतीशी देणंघेणं नव्हतं आणि सगळ्यांत आधी खरी गोष्ट त्यालाच कळली असावी.

पहिला ठिपका भिंगारचा. नाला लष्कराच्या हद्दीत निघाला. फाटकावरच्या जवानाने कागदपत्र मागितलं. डॉक्टरांनी खात्याचं पत्र दाखवलं. जवानाने ते उलटं धरून पाहिलं आणि नाही म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी वहीत लिहिलं: 'भिंगार. प्रवेश नाही. वनस्पती असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

दुसरा नागापूरचा. तिथे कारखान्यांसाठी माळ सपाट केला होता, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते. ओलसर म्हणावी अशी जागा चारी दिशांना नव्हती आणि आधीही कधी नव्हती. डॉक्टर बराच वेळ त्या फुफाट्यात उभे राहिले. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी लिहिलं: 'नागापूर. औद्योगिक विकासामुळे येथून नष्ट.' जिथे दुशेंडी जन्मात उगवली नव्हती तिथून ती अशी नाहीशी झाली.

राहात्याच्या वाटेवर दुष्काळी काम चाललं होतं. दोन्ही अंगांना माणसं बसून खडी फोडत होती. सरकारी जीप पाहून हातोडे थांबले. झुंबरबाई नावाची एक म्हातारी पदर सावरत पुढे आली. "सायेब, पान्याचं बघाया आलात का?"

"पाण्यातल्या वनस्पतीचं, आजी," देवचक्के म्हणाले.

"आदी पानी तर आना. मंग त्यातलं झाड बगा." ती मागे वळून बाकीच्या बायांना म्हणाली, "चला गं, हाना हातोडा. ह्ये झाड हुडकाया आल्यात."

राहात्याला ओढा होता. त्यात बैल बांधले होते. कोरड्या वाळूत डॉक्टरांनी चार ठिकाणी खुरप्याने उकरलं, एका ठिकाणी चपलेचा तळवा निघाला, आणि त्यांनी लिहिलं: 'राहाता. अवर्षण. कंद खोलवर सुप्त असावेत.'

निंबाखाली डबे उघडले. कानिफनाथला वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय. दुष्काळ आपल्या बाजूने आहे. यंदा कुठेच काही नाही, त्यामुळे काही नसण्याचा जाब कुणी विचारणार नाही. लंकाबाईचं खरं होतं. भाकरीचा दुसरा घास घशाखाली उतरतोय तोवर डॉक्टर म्हणाले, "उरलेल्या अठ्ठावीस ठिकाणी मी फिरत बसणार नाही. प्रत्येक गावच्या तलाठ्याचा दाखला मागवू. वनस्पती या गावी आढळत होती की नाही, गावकऱ्यांचे जबाब घेऊन लेखी कळवावं. कानिफनाथने सही करून ते गोळा करावेत."

कानिफनाथने भाकरी डब्यात ठेवली. अठ्ठावीस तलाठी. त्यातला एखादा तरी आळशी नसणार, तो गावात विचारणार, गाव म्हणणार असलं काही आम्ही बापजन्मात पाहिलं नाही, आणि त्याखाली सही कानिफनाथ वांढेकर. दसऱ्याच्या आत. सापडण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असा हिशेब त्याने निंबाखाली केला. पुढे लोक म्हणत की कानिफनाथच्या मनाला टोचणी लागली. तसं काही नव्हतं. तो घाबरला होता.

"साहेब, एक सांगायचं हुतं. यातलं एकबी गाव खरं न्हाई."

"म्हणजे?"

"समदी झाडं म्या आनली. एकाच डबक्यातनं. पिंपळदऱ्याच्या. गावांची नावं पोरांला मीच सांगितली, ज्याचं गाव त्याला."

बन्सी ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. डॉक्टरांनी देवचक्क्यांकडे पाहिलं. दोनशे चौदा सह्या देवचक्क्यांच्या होत्या.

"ऊन लागलंय त्याला," देवचक्के म्हणाले. "कानिफ, पाणी पी."

"ऊन न्हाई लागलं, सर. अकरा साल झालं."

डॉक्टर रागावले नाहीत. मुलाला गणित समजावावं तसं त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे याचा काही लेखी पुरावा आहे?"

"न्हाई, साहेब."

"माझ्याकडे आहे. दोनशे चौदा. प्रत्येकावर तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, तज्ज्ञाची सही. ते बाजूला ठेवायचे आणि तुझं तोंडी ऐकायचं? तुझा हुद्दा काय?"

"शिपाई. तात्पुरता."

"बघ, म्हणजे तूच सांग."

कानिफनाथलाही ते पटलं. बोलणं तर्काला धरून होतं. तरीही एकदा तोंड उघडलंच आहे तर काम पुरं करावं म्हणून तो म्हणाला, "डबकं दाखवतो, साहेब. उद्या चला. डोळ्यांनी बगा."

देवचक्के रात्री डॉक्टरांच्या मुक्कामी जेवायला गेले. तिथे काय बोलणं झालं ते कानिफनाथला कळलं नाही. सकाळी ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. कायम होणं गेलं, हे मात्र त्याला कळलं.

पिंपळदऱ्याच्या डबक्याला खालून झरा आहे. सगळा तालुका करपला होता तरी तिथे गुडघाभर पाणी होतं. मेव्हणा पुंजाराम म्हैस धूत उभा होता.

"या दाजी. यंदा गोनपाटाऐवजी मोटार आनली का?"

"गप रं," कानिफनाथ म्हणाला.

पाण्याच्या कडेला दुशेंडी होती. फुलं वर आली होती. कानिफनाथने मोजली, पुन्हा मोजली. सात. पहिल्या वर्षी तो आला तेव्हा डबकं या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं दिसायचं. ती संख्या कुठे गेली हे त्याला विचारावं लागणार नव्हतं. ती पत्र्याच्या कपाटात होती.

"ही बगा, साहेब. येवढीच हायेत. जगात."

डॉक्टर पाण्यात उतरले. चेहऱ्यावर पहिल्यांदाच आनंद दिसत होता. त्यांनी पानं चाचपली, भिंगातून फुलं पाहिली, खिशातून पट्टी काढून दांडी मोजली आणि हात पुढे करून म्हणाले, "खुरपं."

"कशाला, साहेब?"

"नमुने नकोत? जुनी नोंद नुसती लिहिलेली आहे, तिला नमुना नाही. तुझ्या कपाटात पिंपळदऱ्याचा एकही कागद नाही. नियम पाच प्रतींचा आहे. कंदासकट."

"साहेब, सातच हायेत."

"नमुन्याशिवाय नोंद होत नाही. नोंद नसेल तर उद्या तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? तुझ्यासाठीच घेतोय."

पाच निघाल्या. कंद स्वच्छ धुऊन घेतले. उरल्या दोन. तेवढ्यात काठावरून देवचक्के म्हणाले, "आमच्या विभागालाही एखादी असावी. आहेत ती सगळी मुलांनी आणलेली. तज्ज्ञांनी स्वतः काढलेली अशी एकही नाही." डॉक्टरांना ते रास्त वाटलं. विभागाला एक आणि ती वाळताना बिघडली तर राखीव म्हणून एक, अशा त्याही निघाल्या. कानिफनाथने सवयीने त्या वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरल्या, पानं एकमेकांवर येऊ दिली नाहीत.

पुंजाराम म्हशीच्या पाठीवर हात ठेवून पाहत होता. "दाजी, म्हशीनं खाल्ल्या असत्या तर दूद तरी निघालं असतं."

परतताना डॉक्टरांनी जीपमध्येच हिशेब पुरा केला. चार ठिकाणं पाहिली, एका ठिकाणी वनस्पती मिळाली, म्हणजे चारास एक. एकतीस आणि पिंपळदरा मिळून बत्तीस ठिकाणं. चारास एक या प्रमाणात आठ ठिकाणी तरी ती निश्चित असणार, आणि तीही दुष्काळात. बऱ्या वर्षी किती असेल? तलाठ्यांच्या दाखल्यांची आता गरज उरली नव्हती. देवचक्क्यांचा चेहरा उजळला. भिंगारच्या नाक्यावर ते आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा कानिफनाथशी बोलले. "इथे उतरलास तरी चालेल," ते म्हणाले. त्यात रुक्षपणा नव्हता.

दसऱ्यानंतर सभा झाली आणि कानिफनाथ कायम झाला. तो स्वतःच चकित झाला. झालं असं होतं की डॉक्टरांचा अहवाल सभेच्या आदल्या आठवड्यात आला. दुशेंडी दुर्मिळ नाही, जिल्ह्यात सर्वत्र आढळते, यादीतून काढावी, आणि या निष्कर्षाचं श्रेय नगरच्या कॉलेजातल्या समृद्ध संग्रहाला आहे. शेवटच्या पानावर आभार होते. त्यात 'स्थानिक माहितगार श्री. का. स. वांढेकर' हे नाव होतं. सभेत कुणीतरी म्हणालं, सरकारी अहवालात नाव असलेला माणूस तात्पुरता कसा ठेवायचा?

लंकाबाईने हुकमाचा कागद देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मग पत्र्याच्या डब्यात जपून ठेवला. "बोलला न्हाईत न्हवं काई?" तिने विचारलं.

"समदं बोललो."

"मंग?"

"कुनी ऐकलं न्हाई."

"द्येव पावला," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. डबकं काठोकाठ भरलं. गणपती बसल्यावर कानिफनाथ गोणपाट घेऊन पिंपळदऱ्याला गेला. पाण्यावर शेवाळ होतं, दोन बदकं होती, पुंजारामची म्हैस होती. तो अनवाणी पाण्यात उतरला आणि तळाचा चिखल पायाने आणि हाताने दुपारपर्यंत चाचपत राहिला. निदान एखाद्या बोटभर कंदासाठी. मग पुंजारामकडे जेवला आणि कोरडं गोणपाट काखेत मारून परत आला.

"दुशेंडी न्हाई, सर. संपली," त्याने विभागात सांगितलं.

"कुठली संपली? पिंपळदऱ्याची. बाकी एकतीस गावं आहेत ना? अहवाल वाचला नाहीस का?" देवचक्के म्हणाले. "वर्गात बावीस मुलं आहेत. साधी, कुठेही उगवणारी वनस्पती तुला आणता येत नाही?"

पूर्वी असं काही झालं तर देवचक्के त्याला दारात उभं करून दोन शिव्या घालत आणि विषय मिटे. आता ते जमणार नव्हतं. तो कायम होता. तिसऱ्या दिवशी टंकलिखित मेमो आला: 'जिल्ह्यात सर्वत्र विपुल आढळणारी वनस्पती प्रात्यक्षिकासाठी उपलब्ध करून देण्यात हयगय केल्याबद्दल आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.' खाली गोल शिक्का होता आणि वर 'श्री.' लावलेलं त्याचं पूर्ण नाव.

कानिफनाथने तो घरी आणला. लंकाबाईला वाचता येत नव्हतं. तिने शिक्का पाहिला.

"ह्यो बी हुकूमच हाय का?"

"मेमो हाय. कामात चूक झाली की देत्यात."

"सायबाला देत्यात तसा?"

"व्हय. तात्पुरत्याला न्हाई देत. त्याला नुस्तं हाकलत्यात."

तिने हात पदराला पुसले, कागद दोन्ही हातांनी घेतला आणि डब्यात आधीच्या हुकमावर ठेवला. कानिफनाथने शेजारच्या मुलीच्या वहीतलं एक पान मागून आणलं आणि पाटावर बसून खुलासा लिहिला. एकतीस गावांचं त्यात काही लिहिलं नाही. तोंडी सांगून झालं होतं, आणि लेखी सांगायची आता हिंमत नव्हती. कायम माणसाकडे गमवायला नोकरी असते. त्याने लिहिलं, 'चूक झाली. पुढील वर्षी बावीस दुशेंड्या आणून देतो.' आणि खाली सही करून हुद्दा लिहिला, नीट, सुटा सुटा: प्रयोगशाळा शिपाई, कायम.